'रे'चा फुल फॉर्म

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की कुंभारी येतं. तालुका दक्षिण सोलापूर. गावाच्या नावात कुंभार बसलाय, तो कुणालाही दिसतो. याच कुंभारीत कामगारांच्या दोन अवाढव्य वसाहती आहेत. पहिली विडी कामगार बायकांच्या सहकारी संस्थेची. १०,००० घरांची ही वसाहत २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते कामगारांना मिळाली. दुसरी ३०,००० घरांची. त्यातल्या पहिल्या १५,००० घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी केलं. दोन्हींच्या मागे माजी आमदार नरसय्या आडम मास्तर आणि त्यांचा लाल बावटा. पहिलीचं नाव कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत. दुसरीचं नाव रे नगर.

रे म्हणजे कोण? बाहेरगावच्या माणसाला वाटतं, असेल कुणी साहेब. एखादा सिनेमावाला सत्यजित रायांचं नाव घेतो. आणि मराठी कानाला तर ही चक्क हाक वाटते: काय रे, कुठं राहतोस रे, रे नगरला. खरं उत्तर कागदावर आहे. राजीव आवास योजना, म्हणजे आर, ए, वाय. २०११ साली सुरू झालेली केंद्राची योजना, झोपडपट्टीमुक्तीसाठीची. वसाहतीची कल्पना त्या योजनेच्या काळातली, म्हणून नावही तिचंच. पुढे २०१५ साली राजीव आवास योजनेची जागा प्रधानमंत्री आवास योजनेनं घेतली. घरं नव्या योजनेत बांधली गेली, नाव जुन्या योजनेचं राहिलं. योजना संपली. तिची तीन अक्षरं मात्र पत्त्यावर, मतदार यादीवर आणि रिक्षावाल्याच्या तोंडी जिवंत आहेत.

माझं म्हणणं या तीन अक्षरांबद्दल आहे. राजीव हा शब्द आपला. आवास आपला, योजनाही आपली. तिन्ही शब्द संस्कृतातून मराठीत आणि हिंदीत आलेले. त्यांचं लघुरूप करायला बसलेल्या माणसानं आधी ते रोमन लिपीत नेले, तिथं त्यांची पहिली अक्षरं कापली आणि 'रे' केलं. इंग्रजीत रे म्हणजे किरण, हा अर्थही कुणाला तरी फार गोड वाटला असणार. मग तो किरण देवनागरीत परत आला. येताना राजीव, आवास आणि योजना वाटेतच सांडले, हाती उरला एक 'रे'. हेच काम मराठीत केलं असतं तर 'राआयो' झालं असतं. कानाला बरं नाही, मान्य. पण त्यातला 'आ' धरून आवासापर्यंत पोचता आलं असतं.

आता गोदूताईंचं नाव घ्या. तेही लोक तोडतातच. 'गोदूताईला उतरव' एवढंच म्हणतात. पण शाळकरी पोरानं विचारलं, गोदूताई कोण, तर समोर एक बाई उभी राहते. वारली आदिवासींच्या लढ्यात उतरलेली, त्यावर 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहून १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारी. म्हणजे नाव तोडलं तरी धागा तुटत नाही. 'रे'चा धागा ओढला तर हाती येतो एक बंद पडलेला शासकीय कागद. एकाच गावात, एकाच चळवळीनं उभारलेल्या वसाहतींची ही दोन नावं आहेत, आणि इंग्रजी लघुरूपं आपल्या भाषेचं काय करतात हे कळायला तेवढी पुरेत.

इथं कुणी लगेच भाषाशुद्धीचा झेंडा काढू नये. मराठी ही जुनी लघुरूपबाज भाषा आहे. गावाकडचा पत्ताच बघा: मु. पो. कुंभारी, ता. द. सोलापूर, जि. सोलापूर. यातला 'मु.' मुक्काम, 'ता.' तालुका आणि 'जि.' जिल्हा हे फारसी-अरबीच्या वाटेनं आले, 'पो.' म्हणजे पोस्ट इंग्रजीतून आणि 'द.' म्हणजे दक्षिण संस्कृतातून. इतक्या भाषा एका ओळीत बसल्या आणि एकीनंही तक्रार केली नाही. मोडी कागदात मौजे, परगणे असले शब्द दर ओळीला तोडलेले सापडतात. जुन्या पत्रांची सुरुवात सा. न. वि. वि. आणि शेवट ता. क. जमिनीच्या उताऱ्याला तर आपण शब्दच ठेवला नाही, गाव नमुना सात आणि बारा यांचे आकडे उचलले आणि सातबारा म्हणालो. हे सगळं शेतकऱ्याला कळतं, कारण ते त्याच्या तोंडात घडलेलं आहे.

मराठी लघुरूपाची घडणच वेगळी आहे आणि ती मला कॉलेजात, युनिकोड शिकताना नीट कळली. रोमनमध्ये अक्षर सुटं असतं. त्याचा उच्चार वेगळा आणि त्याचं नाव वेगळं. 'एच'चं नाव एच, उच्चार ह. लघुरूप वाचताना आपण अक्षरांची नावं वाचतो, म्हणून मूळ शब्दाचा आवाजही हरवतो. देवनागरीत अक्षराचं नाव म्हणजेच त्याचा उच्चार. म्हणून ग. दि. माडगूळकरांचे गदिमा होतात आणि पु. ल. देशपांडे यांचे पुलं. शेतकरी कामगार पक्षाचा शेकाप झाला. रोजगार हमी योजनेचं रोहयो झालं. रोहयो मला फार आवडतं. वि. स. पागे यांच्या प्रयत्नातून आलेली, १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर पसरलेली आणि १९७७ साली कायदा झालेली योजना, आणि तिचं नाव कसं, तर नांगराच्या मागे चालताना बैलाला हाकारल्यासारखं. त्यातला 'ह' हमीचा आहे. रोहयोवर गेलेल्या बाईला 'ह' कशाचा हे विचारलं तर ती हमी म्हणेल, आणि हमी म्हणजे काय हेही तिला ठाऊक असेल. पुढे केंद्राचा कायदा आला आणि मनरेगा हा शब्द आला. कानाला तोही ठीक आहे. पण त्यात हमीचं झालं 'जी', म्हणजे गॅरंटी. तो 'जी' आणि पुढचा 'ए' मिळून 'गा' झाले आणि हमी कुठे गेली ते शोधावं लागतं.

एक गणित सांगते, कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर या. लघुरूप कशासाठी? लहान व्हावं म्हणून. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणुकीत, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये, रोमनचं अक्षर एक बाइट घेतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन. रोमनमधलं जीएसटी तीन बाइटचं. तेच देवनागरीत लिहिलं की सहा चिन्हं, अठरा बाइट. वीज कंपनीचं एमएसईडीसीएल हे लघुरूप देवनागरीत अकरा चिन्हांचं होतं आणि महावितरण हा अख्खा, अर्थ असलेला शब्द आठ चिन्हांचा. म्हणजे लघुरूप हेच दीर्घरूप झालं! बोलण्यातही तेच. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू म्हणायला जेवढा श्वास लागतो त्याच्या निम्म्यात वर्ल्ड वाइड वेब म्हणून होतं. तरी आपण लघुरूप वापरतो, कारण ते लहान असतं म्हणून नव्हे, ते वापरणारा आत असतो म्हणून.

सरकारी खात्यांना अलीकडे दुसराच छंद लागलाय. आधी छान देशी शब्द धरायचा, मग त्याच्या रोमन स्पेलिंगमध्ये इंग्रजी शब्द कोंबायचे. शहरांच्या योजनेचं नाव अमृत. आत काय, तर अटल मिशन फॉर रिजुव्हेनेशन अँड अर्बन ट्रान्सफॉर्मेशन. वारसा शहरांच्या योजनेचं नाव हृदय. गावठाणाच्या ड्रोन मोजणीचं नाव स्वामित्व, आणि त्यात सर्व्हे ऑफ व्हिलेजेस पासून इम्प्रोव्हाइज्ड टेक्नॉलॉजी पर्यंत सगळी भरताड. रे नगरची दिशा इथं उलटी होते. तिथं देशी शब्दांचं इंग्रजी पिल्लू झालं, इथं इंग्रजी पोटाला देशी कातडं चढवलं. अमृत वाचून तुम्हाला वाटतं आपली भाषा वर आली. फक्त बोर्डावर आली. आतली फाइल इंग्रजीत उघडते. टीका म्हणून सांगायचं तर ही शब्दरचना म्हणून हुशार आणि भाषा म्हणून लबाड आहे, कारण ती वाचणाऱ्याला कळल्याचा आनंद देते आणि कळू मात्र काही देत नाही.

पण सगळ्यात नीट वाचायला हवं असं लघुरूप माझ्या मते केवायसी आहे. गेली काही वर्षं वसाहतीतल्या बायकांच्या तोंडी आधार आणि बँक यांच्या खालोखाल हाच शब्द आहे. गॅसची केवायसी, रेशनची केवायसी, फंडाची केवायसी. लाडकी बहीण योजनेत तर २०२५ साली ई-केवायसी सक्तीची झाली. 'झाली का गं तुझी केवायसी?' हा प्रश्न 'जेवलीस का?' च्या चालीवर विचारला जातो. आता तो उलगडा: नो युवर कस्टमर. तुमचा ग्राहक ओळखा. हे वाक्य कोण कुणाला म्हणतंय? रिझर्व्ह बँक बँकांना म्हणतेय. २००२ साली तिनं बँकांना घालून दिलेली ही जबाबदारी आहे. ओळखायचं काम बँकेचं. या वाक्यात आपण कर्ताही नाही आणि ज्याला सांगितलं तोही नाही, आपण कर्म आहोत. पण तीन अक्षरांत वाक्य गुंडाळल्याबरोबर कर्ता, कर्म, क्रियापद सगळं गायब झालं आणि काम आपल्या डोक्यावर आलं. आता बाई म्हणते, 'माझी केवायसी राहिलीय', जणू उसनवारी राहिलीय. रांगेत ती उभी राहते, बोटाचे ठसे ती देते. वर्षानुवर्षं पानं कातरून आणि विड्या वळून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, म्हणून मशीनवर ठसा उमटत नाही, तेव्हा ओशाळतेही तीच. 'तुमचा ग्राहक ओळखा' हे मराठीत पुरं लिहून काउंटरवर लावलं असतं तर एखादी तरी म्हणाली असती, मग ओळख की!

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे हा खेळ मला रोज दिसतो. ऑफिसात 'ईओडीपर्यंत दे' म्हणतात. एंड ऑफ डे. कुणाचा डे? क्लायंट अमेरिकेत असतो तेव्हा त्याचा दिवस मावळताना आपल्याकडे कोंबडा आरवायला आलेला असतो. पूर्ण वाक्य म्हणायचं झालं तर 'त्यांचा दिवस संपेपर्यंत दे' म्हणावं लागेल आणि मग कुणीतरी विचारेल, आमचा कधी संपतो? ईओडीत हा प्रश्न बसत नाही. गंमत म्हणजे कोड लिहिताना आम्ही उलटं वागतो. एखाद्यानं चलाचं नाव दोन-तीन अक्षरांत तोडून ठेवलं तर रिव्ह्यू करणारा ते परत पाठवतो, नाव पूर्ण लिही म्हणतो, सहा महिन्यांनी दुसरा माणूस वाचणार आहे. संगणकाला तर कशानं फरक पडत नाही. ती काळजी वाचणाऱ्या माणसासाठी असते. तीच काळजी बँकेच्या मेसेजमध्ये कुणी घेत नाही.

त्या मेसेजबद्दल थोडं. 'ए/सी' पुढे फुल्या, मग रक्कम, मग 'सीआर' किंवा 'डीआर', मग 'एनईएफटी' किंवा 'आयएमपीएस', मग लांबलचक आकडा. पैसे आले की गेले, ही एवढीच गोष्ट कळायला हवी असते आणि ती दोन रोमन अक्षरांवर लटकलेली असते. आमच्या शेजारच्या मावशी 'डीआर'ला डॉक्टर समजायच्या, दवाखान्याच्या पाटीवर तेच असतं ना. टीव्हीवर 'सीआर' म्हणजे कोटी. यात त्यांचं काय चुकलं? जिथं जे अक्षर पाहिलं तिथला अर्थ त्यांनी इमानदारीनं लावला. 'जमा' आणि 'वजा' हे दोन शब्द असताना ही वेळ यावी! त्याला एक तांत्रिक कारणही आहे. साध्या एसएमएसमध्ये रोमनची १६० अक्षरं मावतात, देवनागरी आली की मर्यादा ७० वर येते. मराठीत तोच मजकूर म्हणजे दोन-तीन मेसेजचा खर्च. ही मर्यादा ठरली तेव्हा सोलापूरच्या विडी कामगार कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हत्या. पण 'जमा' हा शब्द तीनच चिन्हांचा आहे, आणि ज्या बँकेला ॲप दर महिन्याला नवं करता येतं तिला हा खर्च जड आहे यावर माझा विश्वास नाही.

आता माझ्याविरुद्धचा मुद्दा, आणि तो माझ्याच घरातला आहे. आमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी, समोरच्या दारात कानडी, रिक्षात दखनी. सोलापूरच्या कामगार वस्त्यांत हे असंच असतं. इथं 'भविष्य निर्वाह निधी' म्हटलं तर तिघांपैकी एकालाही कळत नाही, मराठीवाल्याला तर अजिबातच नाही. पीएफ म्हटलं की सगळ्यांना कळतं. पीएफ कुणाच्याच भाषेचा नाही, म्हणून तो सगळ्यांचा. शासकीय मराठीनं जे प्रतिशब्द घडवले त्यातले पुष्कळसे इंग्रजी लघुरूपाहून जास्त बंद आहेत. कुलूप देशी, एवढाच फरक. आणि ओकेचं काय? ओके हे १८३९ साली बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात आलेलं गमतीचं लघुरूप, 'ऑल करेक्ट' मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगनं लिहून त्याची पहिली अक्षरं घेतलेली. जगात कुणालाही हे माहीत असण्याची गरज पडत नाही. ओकेच्या मागे कुणाचा हक्क, पैसा किंवा जबाबदारी अडकलेली नाही. पीएफच्या मागे आयुष्यभराची कपात अडकलेली आहे. मला सगळी लघुरूपं उलगडायची नाहीत, ज्यांच्यात माणूस अडकतो तेवढीच.

लोक आपल्या परीनं उलगडतातही. मराठीनं इंग्रजी लघुरूपांना लिंग दिलं, ते बघण्यासारखं आहे. एसटी आली, कारण ती गाडी. ओटीपी आला, कारण तो नंबर. पीएफ मिळाला, कारण तो पैसा. फुल फॉर्म माहीत नसला तरी मागे कुठला तरी मराठी शब्द उभा करून लोक त्याच्याशी क्रियापद जुळवतात. 'एटीएम मशीन', 'पिन नंबर' यांना शिकलेले लोक हसतात, मशीनमध्ये आधीच मशीन आहे म्हणतात. हसू नये. एम मेला होता म्हणून लोकांनी शेजारी जिवंत मशीन आणून ठेवलं. (पिन कोड, म्हणजे पोस्टल इंडेक्स नंबर, ही श्रीराम भिकाजी वेलणकरांची देणगी. पोस्टात मोठ्या हुद्द्यावर असलेले हे संस्कृत कवी. १९७२ साली त्यांनी देशाला सहा आकड्यांत बसवलं आणि त्याचं नाव मात्र इंग्रजी ठेवलं. संस्कृतज्ञालाही इंग्रजी लघुरूप सुटलं नाही तिथं आपण कोण!)

आणि लोक स्वतः तोडतात तेव्हा कसं तोडतात? पीएफला फंड. लाडकी बहीणला नुसतं लाडकी: 'लाडकीचे आले का?' पंतप्रधान आवासला घरकुल. कामगारांच्या भाषेतलं लघुरूप अक्षरांचा भुगा करत नाही, लांब नावातला एक अख्खा शब्द उचलतं आणि त्यावर काम भागवतं. माझी आई ईपीएफओ हा शब्द आयुष्यात बोललेली नाही, पण फंड किती कापला, कुठल्या वर्षाचा नाही कापला आणि कुठल्या मालकानं नाव बदलून कापला, हे तिला वर्षवार पाठ आहे. यूएएन नावाचा बारा आकडी नंबर आल्यावर हे पाठांतर निरुपयोगी झालं. तेव्हापासून तिच्या फंडाची चावी माझ्या फोनमध्ये आहे. यावर मी खूश व्हायचं की नाही, मला ठरवता आलेलं नाही.

रे नगरला आता पोरं वाढतायत. शाळेत कधी ना कधी प्रकल्प येतोच: तुमच्या गावाच्या नावाची माहिती लिहा. कुंभारीचं पोरगं चाक, माती, कुंभार लिहील. गोदूताईतली पोरगी फोटो चिकटवेल आणि खाली वारल्यांबद्दल चार ओळी लिहील. रे नगरचं पोरगं गुगलवर 'रे म्हणजे काय' टाकेल. पहिल्या पानावर किरण येईल, मासा येईल, सारेगमातला दुसरा सूर येईल. त्यातलं त्याला आवडेल ते तो उतरवून काढेल आणि बाईंना ते खरंही वाटेल.